पाठीवरचा घाव

बाबांच्या मानेची कातडी सुटायला लागली आहे, हे सगळ्यांत आधी वहिनींच्या लक्षात आलं. सासऱ्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकता टाकता त्यांना कॉलरखाली बोटभर पापुद्रा उचललेला दिसला. त्यांनी तो नखाने जरा वर करून पाहिला, पुन्हा जागच्या जागी दाबून बसवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या, "बाबा कात टाकताहेत."

एरवी ही आनंदाची बातमी. रणजातीत नव्वदी गाठली की माणूस आयुष्यात एकदाच कात टाकतो, आणि टाकली की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची निश्चिंती. पण जुन्या कातडीबरोबर तिच्यावरचे घावही जातात, आणि घावांची वाटणी म्हणजे काय असते हे या घराने आजोबांच्या वेळी पाहिलं होतं. आजोबांच्या कानाच्या घावावरून दोन काकांनी जो अबोला धरला तो एकाच्या मरणानंतरच सुटला. म्हणजे उरलेले काका फोटोशी बोलू लागले.

कुळाचा नियम सरळ होता. बैठकीत आणि सभेत घाव असेल त्याने बोलावं, कोऱ्याने, म्हणजे बिनघावाच्याने, ऐकावं. घाव एक तर स्वतः लढून मिळवलेला असावा, नाहीतर वारशाने आलेला; म्हणजे थोरांची कात पडायच्या आत त्यांच्या अंगावरून कागदावर उतरवून वारसाच्या अंगावर त्याच जागी कोरलेला. एकशेचाळीस वर्षं चाललेलं युद्ध संपून आता एकसष्ट वर्षं झाली होती. शांतता आल्यापासून नवे घाव मिळेनासे झाले, आणि जुन्यांचे भाव नाक्यावरच्या जागेसारखे चढत गेले.

बातमी कानावर आली तेव्हा छिन्नी आघाडीवर बसून एका गिऱ्हाईकाच्या दंडावर त्याच्या पणजीचा घाव कोरत होती. या घरातल्या खोल्यांची नावं अजून छावणीचीच होती: रस्त्यावरची खोली आघाडी, स्वयंपाकघर रसद, न्हाणीघर खंदक. छिन्नीचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण हातात कोरायचं हत्यार आल्यापासून ते कुणी घेतलं नव्हतं. अख्ख्या वस्तीत तिच्यासारखं कोरणारं कुणी नाही, असं लोक म्हणत. आणि तिच्या स्वतःच्या अंगावर एकही घाव नव्हता. आजोबांची वाटणी झाली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि नेमकी झोपली होती. आईने जन्मभर रसद सांभाळली, त्यामुळे तिच्याकडून मिळण्यासारखंही काही नव्हतं. कामात रोज बोटं कापायची, चारही हातांची. पण हत्यार कामाचं असेल तर घाव धरत नाहीत. त्यामुळे एक्केचाळिसाव्या वर्षीही ती कुळसभेत शेवटच्या ओळीत, कोऱ्यांच्या रांगेत, नाक पुसणाऱ्या भाचरांच्या शेजारी बसत असे.

हे तिने निमूटपणे सोसलं असतं, पण आठच दिवसांपूर्वी आघाडीच्या दारावर एक कागद चिकटला होता. 'या खोलीवर चाल करून येत आहे. कुळसभेत निकाल होईल. तुझा, दादा.'

थोरल्या भावाचं शेजारीच कुलपांचं दुकान होतं. रणजातीत लपूनछपून काही करणं कमीपणाचं, त्यामुळे चोराला चोरीआधी तीन दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या तीन दिवसांत लोक कुलूप घ्यायला धावतात. धंदा जोरात होता. थोरल्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं, आणि छिन्नीला मागची खोली मिळणार होती, जिथे उन्हाचा थेंब नाही. आघाडीवर दुपारी धाकटा सूर्य यायचा. त्याच्या उजेडाला सावली नसते, आणि त्या उजेडाशिवाय बारीक काम होत नाही. कुलपाला उजेड कशाला लागतो, एवढंच तिला विचारायचं होतं. पण कोऱ्याने विचारायचं नसतं.

म्हणून वहिनींची कुजबुज ऐकली तेव्हा तिच्या डोक्यावरचा तुरा ताडकन उभा राहिला. समोरच्या गिऱ्हाईकाने घाबरून दंड मागे घेतला.

*

संध्याकाळी मधल्या खोलीत बैठक बसली. बाबा नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ टेकून. घरातल्या प्रत्येक खोलीत भिंतीवर त्यांच्या पाठीच्या उंचीला एक गुळगुळीत डाग पडला होता, कारण एकसष्ट वर्षांत कुळसभेबाहेर त्यांनी कुणालाही पाठ दाखवली नव्हती. तिथे घाव होता. रणजातीत पाठीवर घाव म्हणजे पळताना लागलेला, असंच धरतात. त्याचा उल्लेख घरात कुणी करत नसे, जसा काकांच्या पहिल्या लग्नाचा करत नसत.

बाबांच्या शेजारी आत्या. वय चौऱ्याऐंशी, कुळाचे सगळे नियम तोंडपाठ, आणि डाव्या मनगटावर एकच घाव, ज्याची गोष्ट त्या दर सभेला सांगत. वेढ्याच्या दिवशी भाल्याचा दांडा हातात मोडला आणि त्याची चीर मनगटात गेली, एवढीच गोष्ट. पण आत्या ती सांगायला पाऊण तास घेत.

आत्यांनी मोजणी केली. घाव चार. छातीवरचा पुलाचा, खांद्यावरचा रात्रीच्या हल्ल्याचा, बोटावरचा तहाचा (शत्रूच्या सेनापतीने हात मिळवताना त्याची अंगठी लागली होती), आणि चौथा. चौथ्याचं त्यांनी नाव घेतलं नाही. मग नियम सांगितला: वाटणी अखंड. एक जरी घाव बेवारस राहिला तरी बाकीचे तिन्ही बाद.

पुढचा तासभर जे झालं ते युद्धाच्या इतिहासात शोभलं असतं. छातीचा घाव थोरल्याने मागितला, कारण तो थोरला. दुसरा भाऊ मास्तर, त्यानेही तोच मागितला, कारण तो शाळेत इतिहास शिकवायचा. युद्धाची चौदा कारणं तो मुलांकडून पाठ करून घेत असे आणि त्यातली नऊ त्याने स्वतः घातली होती. तेव्हा वहिनी मास्तरच्या बाजूने बोलल्या, त्यामुळे थोरल्याचा तुरा उभा राहिला. मग कळलं की मास्तरने त्यांना बोटाच्या घावाचा शब्द दिला होता. थोरल्याने त्यांना बोटाचा घाव आणि वर नवा स्वयंपाकाचा ओटा देऊ केला, तशा वहिनी परत आपल्या नवऱ्याच्या छावणीत आल्या. मास्तर एकटा पडला आणि खांद्यावर राजी झाला. जाता जाता तो म्हणाला की इतिहासात फितुरीचं एक पंधरावं कारण घालायला हवं.

बाबा हे सगळं मजेत ऐकत होते. मधेच ते मानेचा पापुद्रा खाजवत, आणि आत्या त्यांच्या हातावर चापट मारत.

"राहिला तो एक," थोरला म्हणाला. मग त्याने कोऱ्यांच्या रांगेकडे, म्हणजे दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. "छिन्नीला इतकी वर्षं घाव हवाच होता की. घेऊ दे तिला. आपलं कुणाचंच काही म्हणणं नाही."

हे ऐकायला औदार्याचं वाटलं, पण छिन्नीला नियम पाठ होते. पाठीचा घाव असलेल्याने सभेत बोलायचं ते निर्णय होऊन गेल्यावर, आणि तेही सभेकडे पाठ करून, म्हणजे कोण बोलतंय हे सगळ्यांना दिसावं. घाव मिळाला असता, तोंडही मिळालं असतं, फक्त ते खोली गेल्यानंतर उघडायचं होतं. भावाने तिला दात दिले होते आणि चणे स्वतःकडे ठेवले होते.

पण तिला नाही म्हणता येत नव्हतं, कारण तिने नाही म्हटलं असतं तर बाबांचे चारही घाव कातडीबरोबर केराच्या टोपलीत गेले असते. आणि कोऱ्याला नाहीतरी मान हलवण्याचीच परवानगी होती. तिने मान हलवली.

"कोर तर कोर," आत्या घाईघाईने म्हणाल्या, "पण त्याची गोष्ट नको घ्यायला. तो घाव बिनगोष्टीचाच बरा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. उभ्या हयातीत आत्यांनी नियमातून सूट दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. घाव आणि गोष्ट एकाच्याच नावावर जातात, हा तर त्यांचा लाडका नियम. त्यांचा तुरा डोक्यावर सपाट पडला होता. रणजातीला जगातली सगळी शस्त्रं मिळाली होती, फक्त मनातलं लपवायची सोय तेवढी मिळाली नव्हती: राग आला की तुरा उभा, आणि खोटं बोललं किंवा मन खाऊ लागलं की आडवा.

"नियम म्हणजे नियम," बाबा पहिल्यांदाच बोलले. "गोष्ट मी सांगेन. उद्या दुपारी."

*

दुसऱ्या दिवशी धाकटा सूर्य खिडकीत आला तेव्हा बाबा आघाडीवरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी आपल्या मुलीकडे पाठ केली. कठीण गेलं त्यांना. दोनदा ते अर्धे वळून परत फिरले. शेवटी छिन्नीने दोन हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले, उरलेल्या दोघांत भिंग आणि कागद घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घाव पाहिला.

कोरणाऱ्याची नजर वेगळी असते. लोकांना घाव दिसतो, तिला हत्यार दिसायचं. शत्रूची पाती सपाट, त्यांची खूण एकसंध चिरेची. इथे तीन बारीक खुणा शेजारी शेजारी होत्या. तीन टोकांचा भाला एकाच कुळाचा होता, आणि त्याची असली खूण तिने इतक्या जणांच्या अंगावर पाहिली होती की डोळे मिटूनही ओळखली असती; सराव करताना आपापसात लागलेल्या असायच्या त्या. शिवाय हा घाव खालून वर गेला होता. मारणारा जणू दोन पायऱ्या खाली होता.

"बाबा, हा भाला आपल्या घरचा आहे."

"असं म्हणतेस?" बाबा म्हणाले. त्यांचा उरलासुरला तुरा ओल्या गवतासारखा आडवा झाला.

तिने भिंग खाली ठेवलं आणि वाट पाहिली. गोष्ट सांगायची नाही असं करता येत नव्हतं, त्यांनीच कबूल केलं होतं.

वेढ्याचा तिसरा दिवस होता, बाबा सांगू लागले. बुरुजाचा जिना चढायचा होता. सगळ्यात पुढे ते, त्यांच्या मागे त्यांची बहीण, तेवीस वर्षांची, पहिल्याच मोहिमेवर, भाला पुढे रोखून, तोंडाने कुळाची रणगर्जना करत. आणि अर्ध्या जिन्यात ते थांबले.

"का?"

"बुटाची नाडी सुटली होती."

छिन्नीने वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"खालच्या दोन हातांनी बांधत होतो," बाबा घाईने म्हणाले, "वरच्या दोघांत तलवार होतीच. नाडी सुटलेली ठेवून लढू नये, हा नियमच आहे. पण मागच्याला सांगून थांबावं, हाही नियम आहे. तो मला तेव्हा आठवला नाही. ती आपली वेगात येत होती, तिचा काय दोष? दांडासुद्धा मोडला तिच्या हातात."

म्हणजे आत्यांच्या मनगटातली चीर तीच. दर सभेतली पाऊण तासाची गोष्ट त्याच जिन्यावर सुरू होऊन त्याच जिन्यावर संपत होती, फक्त भाला कुणात घुसला होता तेवढं तिच्यात नसायचं.

लढाईत आपल्या माणसावर हत्यार चालवणाऱ्याचा तुरा उतरवतात. पुन्हा तो सभेत बसू शकत नाही, नियम राखणं तर दूरच. बहिणीला तर नियमांशिवाय दुसरं काही येतही नव्हतं, बाबा म्हणाले, ती करणार काय होती? म्हणून त्यांनी शत्रूचं नाव सांगितलं आणि बहिणीकडून गप्प राहायची शपथ घेतली. दर वर्षी कुळसभेत घाव दाखवताना (पाठीचा असेल तर बाकीचे माना फिरवतात) नियम राखणारीने विचारायचं असतं, 'हा कुणाच्या हातून?' दर वर्षी बहीण विचारायची, आणि भाऊ 'शत्रूच्या' म्हणायचा.

"आणि तुरा?"

"शिरस्त्राण," बाबा म्हणाले.

छिन्नीला हसू फुटलं. भर उन्हाळ्यातही सभेला बाबा ते लोखंडी शिरस्त्राण घालून घामाघूम बसायचे, आणि सगळं कुळ म्हणायचं, काय हा जुन्या सैनिकाचा ताठा.

"आता घाव तुझा, गोष्ट तुझी," बाबा म्हणाले. "तू खरं सांगितलंस तर नियमाने तो पाठीचा घाव राहत नाही. लढाईत आपल्याच माणसाच्या हातून झालेला घाव म्हणजे घरचा घाव. त्याला पुढची बाजू नाही, मागची नाही, आणि तो सगळ्यांच्या आधी बोलतो. तुझी खोली वाचेल. तिचा तुरा जाईल. नाही सांगितलंस तर उलट. मी तुला काही सांगणार नाही, माझा घाव आता तीन दिवसांचा पाहुणा आहे. फक्त शिरस्त्राण घेऊन जा."

*

त्या तीन दिवसांत छिन्नीने थोरल्याच्या छातीवर पुलाचा घाव कोरला, मास्तरच्या खांद्यावर रात्रीचा हल्ला कोरला, आणि दोघेही इतके विव्हळले की शेजारच्यांना युद्ध पुन्हा सुरू झाल्याची शंका आली. वहिनींनी बोट पुढे केलं आणि कोरून होईपर्यंत दुसऱ्या तीन हातांनी भाजी निवडली.

राहिली ती स्वतः. चार हात असले तरी स्वतःच्या पाठीवर एकही नीट पोचत नाही. हात स्थिर असलेलं घरात एकच माणूस होतं, म्हणून तिने कागद आणि हत्यार वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी पहिल्या दोन खुणा कोरल्या आणि थांबल्या.

"हे तीन टोकांचं आहे," त्या म्हणाल्या.

"हं."

"आपल्याकडचं."

वहिनींनी तिसरी खूण कोरली, रक्त टिपलं, आणि बराच वेळ पट्टी बांधत राहिल्या. मग त्यांनी विषय बदलल्यासारखं करून सांगितलं की दुकान वाढलं तर गिऱ्हाईकं त्यांच्या स्वयंपाकघरातून ये-जा करणार आहेत, आणि ओट्याचा नकाशा त्यांनी पाहिला, तो दोन हातांच्या बाईसाठी काढलाय.

त्याच संध्याकाळी आत्या आल्या. आघाडीवर त्या कधी येत नसत. त्यांनी भिंतीवरचे कागद पाहिले, हत्यारांच्या धारेला बोट लावलं, धूळ कुठे आहे ते दाखवलं, आणि शेवटी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"नाडी सुटली होती म्हणाले."

आत्यांचा तुरा खाली गेला, मग जरा वर आला, मग कुठे थांबावं ते त्याला कळेना. छिन्नीला त्यांची दया आली आणि रागही आला. याच बाईने तिला चाळीस वर्षं रांगेत गप्प बसवलं होतं. एकदा शिंकली तर तेही बोलण्यात धरलं होतं. आणि याच बाईला वाचवायला बाबा एकसष्ट वर्षं भिंतीला चिकटून राहिले होते. एका खोलीसाठी ते मोडायचं तिच्या जिवावर आलं.

"मी नाही सांगणार, आत्या," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही. बाबांनी पाळलं, मीही पाळेन."

सुटकेचा श्वास सोडायचा सोडून आत्या तिथेच घोटाळत राहिल्या. "कुणालाच नाही?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मी गेल्यावरसुद्धा?"

"शपथ आहे ना."

"हो, शपथ आहे," आत्या म्हणाल्या आणि काहीशा नाराज होऊनच निघून गेल्या. छिन्नीला त्याचा अर्थ लागला नाही.

*

कुळसभेच्या सकाळी बाबांची कात पडली. खंदकात ते तासभर होते, आणि बाहेर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गुळगुळीत, गुलाबी, नव्या साबणासारखे. अंगावर एकही खूण नाही, म्हणजे नियमाने आता तेही कोरे. सभेत ते आपण होऊन शेवटच्या रांगेत, नातवंडांमध्ये जाऊन बसले. भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध, दाराकडे पाठ करून. कितीतरी वेळ ते नुसते डावीकडे उजवीकडे झुकून पाहत होते, पाठीला काही लागत नाही याची खात्री करावी तसे.

छिन्नी शिरस्त्राण शोधत होती. रात्री तिने ते खुंटीवर ठेवलं होतं. मग ते तिला दिसलं: थोरल्याच्या डोक्यावर. छातीच्या घावावर शोभून दिसेल म्हणून त्याने सकाळीच घासूनपुसून घातलं होतं, आणि पुढच्या रांगेत चकाकत बसला होता. मागायला जावं तर सभा सुरू झाली होती, आणि तिला अजून तोंड नव्हतं.

चाळीसेक माणसं होती. आत्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वारसांना एकेक करून बोलावू लागल्या. थोरल्याने शर्ट उघडून छाती दाखवली. "कुणाच्या हातून?" "शत्रूच्या." मास्तरने खांदा दाखवला आणि शत्रूच्या तुकडीचा क्रमांकही सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. वहिनींनी बोट दाखवलं. मग छिन्नीचं नाव आलं, खरं, भारदस्त नाव, आणि ते ऐकून दोघातिघांनी हे कोण म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

ती पुढे गेली, सभेकडे पाठ केली आणि ओढणी खाली घेतली. लोकांनी सवयीने माना फिरवल्या. तिच्यासमोर आता फक्त आत्या होत्या.

"हा घाव," आत्यांनी विचारलं, "कुणाच्या हातून?"

एका वाक्याची परवानगी होती. छिन्नीने खिडकीकडे पाहिलं. धाकटा सूर्य अजून यायचा होता, तो आला की आघाडीवर पहिल्यांदा तिच्या बाकाच्या उजव्या कोपऱ्यावर पडतो. तिने ते डोळ्यांपुढून सारलं.

"शत्रूच्या," ती म्हणाली.

आणि तिचा तुरा फटकन आडवा पडला. भरगच्च, एक्केचाळीस वर्षांचा, कधी कशाखाली न झाकलेला तुरा. माना फिरवूनही डोळ्यांच्या कोपऱ्यातून चाळीस जणांना तो दिसला.

"अहो," वहिनी शांतपणे आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, पण पुन्हा तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "ती खोटं बोलतेय."

कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं की वाटणीच बाद धरावी. थोरल्याने घाबरून छातीवर चारही हात ठेवले. छिन्नीने डोळे मिटले. गप्प राहून तिने खोली घालवली होती, आणि आता बोलून बाबांचे घावही घालवले होते.

"गप्प बसा सगळे," आत्या म्हणाल्या. त्यांनी छिन्नीकडे पाहिलं, मग शेवटच्या रांगेतल्या गुलाबी भावाकडे. "शपथ याने घातली होती, घाव असताना. आता तो कोरा आहे. कोऱ्याची शपथ बांधत नाही, कलम अठ्ठावीस. तो भाला माझा होता."

छिन्नीने डोळे उघडले. तिला वाटलं होतं आत्यांचा तुरा आडवा असेल, पण तो होता नव्हता तेवढा ताठ उभा होता.

"माझा," आत्या पुन्हा म्हणाल्या. "चढत्या जिन्यावर, पळता पळता, अंधारात, खालून वर, आणि तिन्ही टोकं एका रेषेत. बघा ते नीट. माना काय वळवता, बघा. असा फटका त्या वेढ्यात दुसऱ्या कुणाला जमला नाही, आणि एकसष्ट वर्षं मला तो शत्रूच्या नावावर ऐकून घ्यावा लागला. दर वर्षी मी स्वतःच्या तोंडाने विचारायचं, आणि याने टोपी घालून सांगायचं, शत्रूच्या. शत्रूला आला असता काय असा? तुरा उतरवायचा असेल तर उतरवा, त्यात आता चारच केस उरलेत. पण हा घरचा घाव आहे. याला पाठ नाही. मुली, इकडे तोंड कर."

छिन्नी वळली. चाळीस तोंडं तिच्याकडे पाहत होती. एवढ्या समोरून सभा कशी दिसते हे तिला ठाऊकच नव्हतं. थोरला शिरस्त्राणाच्या आतून अगदी लहान दिसत होता. शेवटच्या रांगेत बाबा चारही हातांनी तोंड दाबून बसले होते, कारण कोऱ्याने हसणंही बोलण्यातच धरतात.

"तर तो वेढ्याचा तिसरा दिवस," आत्या सुरू झाल्या, आणि त्यांनी ऐसपैस पाय रोवले. "बुरुजाला शंभर पायऱ्या. आता पहिल्या पायरीचं सांगते—"

सभेने सवयीने सुस्कारा सोडला आणि पाऊण तासाच्या तयारीने सगळे सैलावून बसले.

"आत्या," छिन्नी म्हणाली.

तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, पण पुरेसा मोठा होता.

"घाव माझ्या अंगावर आहे, तेव्हा गोष्ट माझी. ती मी सांगेन, तुमचा फटका सोडणार नाही. पण घरचा घाव सगळ्यांच्या आधी बोलतो, आणि मला आधी त्या खोलीबद्दल बोलायचंय. तुम्ही बसा."

आत्यांना एकसष्ट वर्षांत कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी नियम आठवून पाहिला, पुन्हा एकदा आठवून पाहिला, आणि त्या बसल्या.